गाडीखान्याची दारे

आमच्या रोहे तालुक्यातील जुन्या घरांच्या ओटी, माजघर व देवघर यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. परंतु परसाकडील गाडीखान्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. बैलगाडी गेली, तिच्या जागी मोटार आली आणि सांप्रत लाकडी दारे उतरवून लोखंडी शटर बसविण्याचा प्रघात पडला आहे. उतरविलेली सागवानी दारे जुना माल घेणाऱ्याच्या टेंपोतून शहराकडे जातात. ज्ञातिबांधवांनी तसे करण्यापूर्वी या दारांची पूर्वपीठिका ध्यानी घ्यावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

रुंद कवाडांची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली उभा राहिला. १८२८ च्या आगीत आतील इमारती जळून गेल्या, तरी दिल्ली दरवाजाची अणकुचीदार खिळ्यांची कवाडे पाहावयास मिळतात. त्यांपैकी एका कवाडात माणसापुरती दिंडी ठेवलेली आहे. येणाऱ्याजाणाऱ्यासाठी दर खेपेस अवजड कवाड हलवावे लागू नये, ही त्यातील योजना. मोटारखान्याच्या दारालाही ती तितकीच सोयीची आहे.

आता लाकडाविषयी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागादी झाडे परवानगीने तोडावीत, मात्र रयतेचे आंबे-फणस धन्याच्या राजीखुशीवाचून व मोल दिल्यावाचून तोडू नयेत, असा दंडक घातला आहे. पुढे इंग्रजी अमलात १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव होऊ लागली आणि डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यालाही लाकूडफाट्यासाठी सरकारकडे तोंड वेंगाडणे भाग पडले. २५ सप्टेंबर १९३० रोजी आपल्याच जिल्ह्यात (तेव्हाचा कुलाबा, १९८१ पासून रायगड) चिरनेर येथील जंगल सत्याग्रहावर गोळीबार होऊन माणसे प्राणास मुकली. ज्या लाकडासाठी हे घडले, ते वजनावर विकावे हे मला तरी बरे वाटत नाही.

दार मोडकळीस आले असेल, तर नवे घरीच करता येते. करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या एवढी हत्यारे व हाताशी एखादा जाणता सुतार असला म्हणजे झाले. फळ्या उभ्या लावाव्यात, मागून तीन आडव्या पट्ट्या द्याव्यात. खरी मेख तिरप्या पट्टीत आहे. ती खालच्या बिजागरीपासून निघून वर कडीच्या बाजूस गेली पाहिजे. म्हणजे कवाडाचा भार तिच्यावाटे बिजागरीकडे उतरतो. उलट लावल्यास ती भार पेलत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत कवाड जमिनीला घासू लागते. जुने दार उतरविण्यापूर्वी त्याची पाठ अवश्य पाहावी. पुष्कळदा सर्व हिशेब तेथेच मांडलेला असतो.

आपल्याकडील पाऊस म्हणजे लाकडाची परीक्षाच. ओलाव्याने फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून एका फळीच्या कडेला खाच व दुसरीला तीत सैल बसणारी जीभ ठेवावी. फळ्या एकमेकींना सरसाने चिकटवू नयेत. काम दिवाळीनंतर, लाकूड सुकलेले असताना काढावे. फळ्यांची खालची तोंडे पाणी अधिक पितात. यासाठी दार टांगण्यापूर्वीच त्यांना दोन हात तेलरंग द्यावा आणि जमिनीपासून बोटभर अंतर सोडावे.