वांचलेल्या तेलाचें काय झालें?

मोटार विकत घेणारा गृहस्थ चार गोष्टी एकदम मागतो. तेल थोडें लागावें, बैठक सुखाची असावी, यंत्राचा आवाज कानीं पडूं नये आणि चढावर गाडी अडूं नये. या मागण्या परस्परांशीं भांडतात हें कोणीहि कबूल करील. परंतु या भांडणाचा इतिहासांत निकाल कसा लागत गेला, हें पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. तेल वांचविण्याचें नवें साधन यंत्रज्ञांच्या हातीं आलें, कीं त्या बचतीचा मोठा वांटा शक्तीनें व सुखानेंच उचलावा, असें वारंवार घडलें आहे. अमेरिकेंतील इंजिनाच्या 'ठोक्या'ची हकीकत हें याचें ठळक उदाहरण होय.

हा ठोका म्हणजे काय, तें आधीं सांगितलें पाहिजे. पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण सिलिंडरांत दट्ट्यानें दाबलें जातें व मग ठिणगीनें पेटतें. तें जितकें अधिक दाबावें, तितकें त्याच तेलांतून अधिक काम निघतें. पण प्रमाणाबाहेर दाबलें, तर ज्योत पोहोंचण्यापूर्वींच मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप भडकतो आणि हातोडीच्या घावासारखा आवाज येतो. त्यानें शक्ति घटते व यंत्रासहि इजा पोहोंचते. म्हणून फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडींत मिश्रण अवघें चार-साडेचार पट दाबीत. तेलाचें सामर्थ्य धुराड्यावाटे फुकट जात असे, पण त्यास इलाज नव्हता.

चार्ल्स केटरिंग यानें इ. स. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीस विजेचा स्टार्टर व विजेची ठिणगी दिली. हँडल मारण्याचे कष्ट टळले, पण ठोक्यांचा दोष लोक त्याच्याच ठिणगीच्या माथीं मारूं लागले. या आळापासून सुटका व्हावी म्हणून त्यानें टॉमस मिजली या तरुणास १९१६ मध्यें शोधाला लावलें. पुढें पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेचें तेल लौकरच संपेल असें भूगर्भशास्त्रज्ञ सांगूं लागले, तेव्हां या शोधास राष्ट्रकार्याचें स्वरूप आलें. ठोका थांबला तर अधिक दाब देतां येईल, आणि अधिक दाब म्हणजे तेवढ्याच कामाला थोडें तेल! ९ डिसेंबर १९२१ रोजीं टेट्राएथिल लेड हें शिशाचें संयुग हातीं लागलें. त्याची अत्यल्प मात्रा पेट्रोलमध्यें मिसळतांच ठोका बंद पडला. फेब्रुवारी १९२३ मध्यें डेटन शहरीं तें पेट्रोल विक्रीस आलें.

मद्यार्क मिसळल्यानेंहि ठोका थांबतो, हें या दोघांस ठाऊक होतें. पण मद्यार्क कोणीहि गाळावा. त्यावर मक्ता कसा बसणार? शिशावर तो बसत होता. आमच्या मतें निवड येथेंच झाली, आणि ती प्रयोगशाळेबाहेर झाली.

तिची पहिली किंमत मजुरांनीं भरली. ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सींतील बेवे येथील कारखान्यांत हें संयुग करणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीनें वार्ताहरांसमोर त्या द्रवानें हात धुऊन व त्याचा वास घेऊन दाखविला. शिशाच्याच विषबाधेमुळें त्याला १९२३ मध्यें विश्रांति घ्यावी लागली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे या प्रात्यक्षिकाची योग्यता कळते. मे १९२५ मध्यें वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. ॲलिस हॅमिल्टन व यँडेल हेंडरसन यांनीं धोक्याची सूचना स्पष्ट शब्दांत दिली. कंपन्यांच्या बाजूनें तेलाच्या बचतीचा दाखला पुढें करण्यांत आला. कांहीं काळ थांबलेली विक्री १९२६ मध्यें पुन्हां सुरू झाली.

मग ती बचत कोठें गेली? केटरिंग स्वतः तरी तिला विसरला नव्हता. १९४७ मध्यें त्यानें साडेबारा पट दाबाचें एक प्रायोगिक इंजिन लोकांपुढें ठेवलें, तें मुख्यतः तेल किती वांचतें हें दाखविण्यासाठींच. १९४९ सालचें कॅडिलॅकचें इंजिन जुन्याहून हलकें असून १६० अश्वशक्तीचें होतें. येथपर्यंत दोन्ही पक्षांना न्याय मिळाला. पण १९५९ साली त्याच नांवाच्या, दोन टनांहून जड गाडींत ३२५ अश्वशक्तीचें इंजिन धडधडत होतें. धडधडत म्हणणेंहि चूकच, कारण आंत बसणाऱ्यास त्याचा आवाज येऊं नये हीच तर त्या गाडीची प्रौढी होती. लांबच्या प्रवासांत शांतता ही चैनच आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण तिच्यासाठीं वाहिलेलें वजन तेलावरच चालतें, आणि शिशाची धूळ ज्यांना कधीं मोटार घडली नाहीं त्यांच्या मुलांच्या अंगींहि भिनत होती. भारतांत शिसेंयुक्त पेट्रोल २००० सालीं बंद झालें. जगांतील अखेरचा साठा अल्जीरियांत २०२१ मध्यें संपला.

शिसें गेलें तरी वांटणीची रीत गेली नाहीं. १९७३ च्या तेलबंदीनें धडा दिल्यावर अमेरिकेनें १९७५ मध्यें कायदा करून नव्या गाड्यांनीं एका गॅलनांत सरासरी किती मैल गेलेंच पाहिजे हें ठरवून दिलें. यंत्रविद्या पुढें गेलीच होती. क्रिस्टोफर निटेल या अर्थशास्त्रज्ञानें २०११ मध्यें हिशेब मांडला, तो असा: वजन व शक्ति १९८० च्या पातळीवर ठेवली असती, तर २००६ पर्यंत एका गॅलनांतलें अंतर जवळजवळ ६० टक्क्यांनीं वाढलें असतें. प्रत्यक्षांत तें १५ टक्क्यांच्या किंचित् वर गेलें. त्याच अवधींत गाड्यांची सरासरी अश्वशक्ति मात्र दुपटीहून अधिक झाली होती.