नगरच्या पालिकेचं नाणं का निघालं नाही

पहिल्या महायुद्धात अहमदनगरच्या छावणीत हिंदुस्थानातले जर्मन व्यापारी आणि मिशनरी नजरकैदेत होते. त्याच वर्षांत त्यांच्या मायदेशी तांबं आणि निकेल दारूगोळ्याकडे गेलं, सुटे पैसे बाजारातून नाहीसे झाले आणि शेकडो शहरांनी जस्ताची, लोखंडाची स्वतःची नाणी पाडली. त्या धातूला किंमत जवळजवळ नव्हती. तरी ती चालली, कारण हे तुकडे शहराच्या तिजोरीत बदलून मिळतील, याची लोकांना खात्री होती. टंचाई इथेही होती. चांदी इतकी महागली की सरकारने 1917 मध्ये एक रुपयाची आणि पुढच्या वर्षी अडीच रुपयांची नोट काढली, दोन आण्यांचं नाणंही चांदीऐवजी तांबं-निकेलचं केलं. सगळे उपाय वरून आले. 1854 पासून कारभार पाहणाऱ्या नगरच्या पालिकेने मात्र एकही तुकडा पाडला नाही.

कोणी म्हणेल, कायद्याने हात बांधले होते. खरंच होते: 1889 च्या कायद्याने पैशासारखे वापरायचे धातूचे तुकडे बनवणं हाच गुन्हा ठरवला होता. पण नाणी पाडण्याचा हक्क जर्मनीतही साम्राज्याचाच होता. तिथे सरकारने शहरांच्या नाण्यांकडे कानाडोळा केला. शिवाय कसब आपल्याला परकं नव्हतं. पेशवाईत टांकसाळी सोनारांना परवान्याने दिल्या जात आणि वेगवेगळ्या टांकसाळींतल्या शिवराया बाजारात एकत्र फिरत. इंग्रजांनी एकच नाणं केलं त्यात व्यापाराची सोय झाली, हे मान्य करायलाच हवं. सराफाचा बट्टा गेला. मात्र अडचणीच्या वेळी गावाने आपल्या भरवशावर काही करावं, ही वाटही त्यात बुजली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इथे तुटवडा चांदीचा होता, तांब्याच्या पैशाचा नव्हे. पहिल्या युद्धापुरतं ते पटतं. दुसऱ्या युद्धात मात्र तांबंही कमी पडलं, 1943 पासून भोकाचा पैसा निघाला, जुन्या पैशाच्या निम्म्याहूनही हलका. तेव्हा मोरवी, जुनागढसारख्या संस्थानांनी सुट्या पैशांऐवजी कागदी कुपनं छापली. त्यांना तसं करू दिलं गेलं, कारण तिथे दरबार होता, खजिना होता. ब्रिटिश मुलखातल्या शहराला सरकार जकात वसूल करू देई, दिवाबत्ती, नळ सांभाळू देई. स्वतःच्या नावाने सुटे पैसे काढण्याचा अधिकार मात्र सरकारने कुठल्याच नगरपालिकेला दिला नाही.