लावणीनंतरची आंघोळ

लावणी आटोपली की आमची आजी तुरळच्या उन्हाळ्यावर जायची. उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचा झरा. चिखलात वाकून वाकून तिची कंबर धरलेली असे. कुंडाच्या पायरीवर बसून ती आधी पावलं बुडवी, मग गुडघे. पाण्याचा चटका सोसवला की "आई गं" म्हणत खांद्यापर्यंत उतरे. गंधकाचा वास लुगड्याला दोन दिवस राही.

पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल मुरतं, तापतं आणि क्षार घेऊन वर येतं. संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी, आरवली. उत्तरेला वज्रेश्वरी, दक्षिणेला राजापूरचं उन्हाळे, अशी ही कोकणभर रांग आहे. त्वचेचे रोग इथे बरे होतात, ही जुनी श्रद्धा. मी तिची खात्री देणार नाही. पण उबेनं आखडलेलं अंग सुटतं, हे नक्की.

शिवाय आजी तिथवर चालत जायची, हे मला कुंडाइतकंच मोलाचं वाटतं. परतल्यावर नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि दिवे लागताच झोप. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, तेव्हाही ती पायीच निघाली होती, काठी टेकत.