यारोस्लाव द्रोब्नी

यारोस्लाव द्रोब्नी (१२ ऑक्टोबर १९२१, प्राग – १३ सप्टेंबर २००१, लंडन) हे मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे डावखुरे टेनिसपटू व आइस हॉकीपटू होते. हौशी टेनिसच्या काळात त्यांनी १९५१ व १९५२ साली फ्रेंच अजिंक्यपद आणि १९५४ साली विम्बल्डनचे पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवले. विम्बल्डन त्यांनी जिंकले ते इजिप्तचे नागरिक म्हणून. इजिप्तच्या नावावर जमा असलेले विम्बल्डनचे एकेरीचे ते एकमेव विजेतेपद होय. चेकोस्लोव्हाकियातील साम्यवादी राजवट सोडून १९४९ साली ते परागंदा झाले होते.

पूर्वजीवन

द्रोब्नी यांचे वडील प्रागमधील एका टेनिस क्लबच्या मैदानाची देखभाल करीत. त्यामुळे यारोस्लाव लहानपणापासून तेथे चेंडू वेचण्याचे काम करीत आणि मोठ्या खेळाडूंचे निरीक्षण करूनच खेळ शिकले. १९३८ साली, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, त्यांनी विम्बल्डनमध्ये प्रथम भाग घेतला. पुढच्याच वर्षी जर्मनीने त्यांचा देश व्यापला आणि विम्बल्डनच्या यादीत त्यांच्या नावापुढे 'बोहेमिया-मोराव्हिया' असे लिहिले गेले. त्यानंतर महायुद्धामुळे स्पर्धा सहा वर्षे बंद राहिली.

आइस हॉकी

हिवाळ्यात हॉकी आणि उन्हाळ्यात टेनिस, असा द्रोब्नी यांचा क्रम होता. प्रागमध्ये १९४७ साली झालेली जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या चेकोस्लोव्हाक संघात ते होते (त्या स्पर्धेत कॅनडाचा संघ आला नव्हता). १९४८ च्या सेंट मॉरिट्झ येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये कॅनडा व चेकोस्लोव्हाकिया यांचे गुण समान झाले, परस्परांतील सामनाही गोलशून्य बरोबरीत सुटला होता. गोलांच्या सरासरीवर सुवर्णपदक कॅनडाला मिळाले व द्रोब्नी यांच्या संघाला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. हॉकी खेळताना डोळ्याला झालेल्या दुखापतीमुळे त्यांना पुढे चष्मा लावून टेनिस खेळावे लागे. गडद काचांचा तो चष्मा त्यांची ओळखच बनला.

देशत्याग

फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात साम्यवादी पक्षाने सत्ता हस्तगत केली. परदेशी जाणाऱ्या खेळाडूंवर सरकारची नजर असे, आणि कोठे व कोणाविरुद्ध खेळायचे हेही सरकार ठरवू लागले. जुलै १९४९ मध्ये, विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात टेड श्रोडर यांच्याकडून पाच सेटमध्ये पराभूत झाल्यानंतर काही दिवसांतच, द्रोब्नी आणि त्यांचे डेव्हिस चषकातील सहकारी व्लादिमिर चेर्निक स्वित्झर्लंडमधील ग्श्टाड येथे खेळत होते. स्पर्धेत स्पेन व जर्मनीचे खेळाडू असल्याने दोघांनी माघार घेऊन मायदेशी परतावे, असा आदेश प्रागहून आला. तो न जुमानता दोघांनी परत न जाण्याचा निर्णय घेतला.

या निर्णयात काय पणाला लागले होते, हे पुढील वर्षी स्पष्ट झाले. मार्च १९५० मध्ये राष्ट्रीय हॉकी संघातील खेळाडूंना देशत्यागाचा कट केल्याच्या आरोपावरून अटक झाली. गोलरक्षक बोहुमिल मोद्री यांना पंधरा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. द्रोब्नी यांचे अनेक जुने सहकारी अशा रीतीने तुरुंगात गेले.

देशाविना राहिलेल्या द्रोब्नी यांना इजिप्तने नागरिकत्व देऊ केले. १९५० पासून १९५९ पर्यंत ते इजिप्ततर्फे खेळले आणि त्यानंतर ब्रिटिश नागरिक झाले. विम्बल्डनमध्ये ते कारकिर्दीत एकूण चार वेगवेगळ्या नावांखाली उतरले.

टेनिस कारकीर्द

जोरकस डावखुरी सर्व्हिस आणि नाजूक ड्रॉप शॉट ही त्यांची प्रमुख अस्त्रे होती. १९४६ साली विम्बल्डनमध्ये जॅक क्रेमर यांना हरवून त्यांनी खळबळ उडवली. त्या सामन्यातील दुसरा सेट १७–१५ असा होता. मात्र मोठ्या अंतिम सामन्यांत हार पत्करण्याची जणू त्यांना सवयच लागली. फ्रेंच स्पर्धेत १९४६ साली मार्सेल बर्नार्ड यांच्याविरुद्ध पहिले दोन सेट जिंकूनही ते पराभूत झाले. १९४८ साली फ्रँक पार्कर व १९५० साली बज पॅटी यांनी त्यांना तेथेच हरवले. अखेर १९५१ साली एरिक स्टर्जेस आणि १९५२ साली फ्रँक सेजमन यांच्यावर विजय मिळवून त्यांनी हे अपयश धुऊन काढले. इटालियन अजिंक्यपद त्यांनी तीनदा (१९५०, १९५१, १९५३) जिंकले. विम्बल्डनच्या हिरवळीवर मात्र १९५२ च्या अंतिम सामन्यात सेजमन सरस ठरले.

१९५३ साली विम्बल्डनच्या तिसऱ्या फेरीत पॅटी यांच्याविरुद्धचा त्यांचा सामना ८–६, १६–१८, ३–६, ८–६, १२–१० असा ९३ गेमपर्यंत चालला. पॅटी यांनी सहा मॅच पॉइंट गमावले आणि अंधार पडता पडता द्रोब्नी जिंकले. त्या सामन्याची किंमत त्यांना दुखऱ्या पायाने चुकवावी लागली. उपांत्य फेरीत डेन्मार्कच्या कुर्ट नीलसन यांनी त्यांना हरवले.

पुढच्या वर्षी त्यांना केवळ अकरावे मानांकन होते आणि वय बत्तीस होते. विजेतेपदाचे दावेदार म्हणून त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नव्हते. त्यांनी ल्यू होड व नंतर पॅटी यांना नमवले आणि अंतिम सामन्यात एकोणीस वर्षांच्या केन रोझवॉल यांचा १३–११, ४–६, ६–२, ९–७ असा पराभव केला. दोन वेळा अंतिम फेरीत हरलेल्या या निर्वासित खेळाडूच्या बाजूने प्रेक्षक उघडपणे होते. १९१४ च्या नॉर्मन ब्रुक्स यांच्यानंतर विम्बल्डन जिंकणारे ते पहिले डावखुरे पुरुष खेळाडू ठरले. (रोझवॉल यांना पुढे आणखी तीन अंतिम सामने खेळूनही हे विजेतेपद कधीच मिळाले नाही. त्याच वर्षी मुलांची स्पर्धा भारताच्या रामनाथन कृष्णन यांनी जिंकली होती.)

त्या काळी हौशी विजेत्यास रोख पारितोषिक नसे. सेजमन १९५२ च्या अखेरीस व्यावसायिक झाले, पण द्रोब्नी हौशीच राहिले आणि १९६० पर्यंत विम्बल्डनमध्ये खेळत राहिले.

उत्तरायुष्य

इंग्लिश टेनिसपटू रीटा अँडरसन यांच्याशी विवाह करून ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. 'चॅम्पियन इन एक्झाइल' हे त्यांचे आत्मचरित्र १९५५ साली प्रसिद्ध झाले. १९८३ साली आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये आणि १९९७ साली आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. वयाच्या ७९ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.