तळटीप १७ : ‘छावणीतले ज्येष्ठ’

१७. छावणीतले ज्येष्ठ : विंग कमांडर बी. ए. कोएल्हो. १९७१च्या युद्धात पकडलेल्या भारतीय वैमानिकांना रावळपिंडीच्या छावणीत ठेवले होते; त्यांत हुद्द्याने सर्वांत वरचे तेच. युद्धकैद्यांविषयीच्या १९४९च्या जिनिव्हा कराराच्या कलम ७९नुसार अधिकाऱ्यांच्या छावणीत सर्वांत ज्येष्ठ अधिकारीच कैद्यांचा प्रतिनिधी मानला जातो. म्हणजे हा मान मतदानाने मिळत नाही, आणि मायदेशातला हुद्दा कुंपणाआडही कायम राहतो.

सुटकेच्या बेतामागचा मुख्य जोर मात्र हुद्द्याने खालच्या फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकरांचा होता. छावणीत नेतृत्व एकाच जागी नव्हते, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे प्रकरण नीट उमगणार नाही. परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी ऑगस्ट १९७२मध्ये खोलीच्या भिंतीला भोक पाडून निसटले व पेशावरमार्गे लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाण सरहद्द तिथून काही मैलांवर. तिथे त्यांनी लंडी खाना या ठिकाणाची चौकशी केली. नकाशात दिसणारे हे रेल्वेस्थानक १९३२पासूनच बंद होते. त्यावरून संशय आला आणि तिघे पकडले गेले. फसलेल्या पलायनाबद्दल केवळ शिस्तभंगाचीच शिक्षा देता येते (कलम ९२), आणि ती ३० दिवसांहून अधिक असू शकत नाही (कलम ९०). लेखकाने पुढे सांगितलेली शिक्षा या मर्यादेत वाचावी. सर्व वैमानिक १ डिसेंबर १९७२ रोजी वाघामार्गे परतले. — संपा.