नवेगावबांध : तळ्याकाठचा न लिहिलेला इतिहास

विदर्भाचा इतिहास सांगायला बसलं की आपल्याकडे दोनच गोष्टी पुढे येतात, किल्ले आणि लढाया. गाविलगड, नरनाळा, बल्लारपूर, सीताबर्डी ही नावं पाठ असतात. पण वैनगंगेच्या खोऱ्यात इतिहास दगडी बुरुजांपेक्षा मातीच्या पाळींमध्ये जास्त साठलेला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं नवेगावबांध हे त्याचं ठळक उदाहरण.

गोंदिया शहरापासून हे गाव साधारण 65 किलोमीटरवर आहे. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर देवलगाव नावाचं छोटं स्टेशन आहे, तिथे उतरलं की गाव जवळच. वाटेत धानाच्या बांध्या लागतात, मध्येच बोडी किंवा लहान तलाव, आणि दूरवर जंगलाची रेघ. गावात पर्यटनस्थळाची गजबज नाही. सुट्टीच्या दिवशी थोड्या गाड्या येतात, एरवी सगळं शांत. पाळीवर उभं राहिलं की समोर अफाट पाणी आणि भोवती डोंगर दिसतात. पहिल्यांदा येणाऱ्याला हे सरोवर नैसर्गिकच वाटतं. ते माणसांनी बांधलेलं आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही.

इंग्रजांच्या काळातल्या नोंदींत या तलावाचा विस्तार पाच चौरस मैल आणि परीघ सतरा मैल असा दिला आहे. तो बांधला गेला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. ना इंजिनिअर, ना मोजणीची यंत्रं, ना सिमेंट. बांधणाऱ्याचं नाव लोकांनी जपलं आहे : कोलू पाटील कोहळी.

कोहळी आणि पाणी

कोहळी हा वैनगंगा खोऱ्यातला शेतकरी समाज. चंद्रपूरच्या एका गोंड राजाने दिल्लीहून परतताना आपल्या पूर्वजांना बनारसहून सोबत आणलं, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कथा शब्दशः खरी धरायची गरज नाही. पण तिच्यातून एक गोष्ट कळते, हा समाज स्वतःची ओळख तलाव बांधणारा म्हणून सांगतो. त्यांचं आवडतं पीक ऊस. उसाला पावसाळ्यानंतरही पाणी लागतं. भात आणि ऊस दोन्ही पिकवायचे तर पावसाचं पाणी अडवून ठेवणं आलंच. गरजेतून कसब आलं आणि कसबातून परंपरा.

तलावाची रचना ऐकायला सोपी वाटते. दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची, तिथे माती चोपून भक्कम पाळ घालायची. जास्तीचं पाणी निघून जायला एका कडेला सांडवा ठेवायचा, आणि पाळीच्या पोटातून पाट काढून खालच्या बांध्यांना पाणी द्यायचं. वरचा तलाव भरला की त्याचं पाणी खालच्या तलावात, तिथून आणखी खालच्या बोडीत. एका गावाचं वाया जाणारं पाणी पुढच्या गावाची बेगमी होते. खरी विद्या जागा निवडण्यात आहे. उतार कसा, माती कोणती, पाणलोट किती, सांडवा कुठे ठेवला तर पाळ फुटणार नाही, हे सगळं नजरेने ठरवायचं. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोहळ्यांच्या या कामाची आवर्जून दखल घेतलेली आहे.

नवेगावबांधच्या भोवतीच्या सात टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. तलाव पुरा करण्यासाठी या सात बहिणींनी कोलू पाटलाला मदत केली, असं लोककथा सांगते. पुढे कोलू पाटील स्वतःच देव झाला. 'कोलासूर देव' या नावाने त्याचं ठाणं तिथल्या एका टेकडीवर आहे.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. राजे आणि सेनापती चौकात पुतळा होऊन उभे राहतात. पाणी अडवणाऱ्या एका पाटलाला मात्र लोकांनी थेट देव केलं. त्याच्या नावाची सनद किंवा बखर आपल्यासमोर नाही. त्याचा दस्तऐवज म्हणजे ती पाळ, आणि ती तीनशे वर्षं टिकली आहे.

राजाने काय केलं?

इतके तलाव एकट्या-दुकट्या पाटलाच्या हौशीतून उभे राहत नाहीत. त्यामागे राज्याचं धोरण लागतं. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क देण्याची पद्धत ठेवली होती. जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला गाव, तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन. चंद्रपूर भागात अशा गावांना 'तुकूम' म्हणत. आजच्या चंद्रपूर शहरातल्या तुकूम वस्तीच्या नावात तो शब्द अजून शिल्लक आहे. राजाच्या तिजोरीतून फार पैसा जात नव्हता, आणि बांधणाऱ्याच्या पुढच्या पिढ्यांची सोय होत होती. म्हणून तो मन लावून बांधत होता.

नवेगावचा तलाव उभा राहत होता, त्याच काळात वैनगंगेच्या पश्चिमेकडे देवगडच्या गोंड राज्याचा उत्कर्ष होत होता. तिथला राजा होता बख्त बुलंद शाह. औरंगजेबाच्या दरबारात त्याने 1686 च्या सुमारास इस्लाम स्वीकारला आणि हे नाव घेतलं. आज कुणी हे वाचलं की लगेच दोन तट पडतील. एक म्हणेल बाटला, दुसरा म्हणेल आमचा झाला. प्रत्यक्षात तो गोंडच राहिला. त्याच्या घराण्याने गोंडांशी सोयरिकी चालू ठेवल्या, आणि पुढे त्याने मोगलांच्या मुलखावर स्वाऱ्याही केल्या. राज्यकारभारात त्याने हिंदू आणि मुसलमान दोघांतले कर्तबगार लोक घेतले, बाहेरून शेतकरी आणि कारागीर बोलावून गावं वसवली. बारा वाड्या एकत्र करून नागपूर शहराचा पाया घालणारा हाच राजा.

त्याचा मुलगा चांद सुलतान. त्याने नागपूरला कोट बांधला आणि एक मोठा तलाव करवला, जुम्मा तलाव. पुढे लोकांनी त्याचं सरळ मराठी करून टाकलं, शुक्रवार तलाव. आज त्याचं अधिकृत नाव गांधीसागर. एकाच पाण्याची ही तीन नावं. पहिलं विसरलं गेलं, दुसरं बोलण्यात राहिलं, तिसरं पाटीवर आलं. नागपूरकर रोज त्या काठाने जातात, पण जुम्मा आणि शुक्रवार हा एकच वार आहे आणि त्यामागे एक गोंड मुसलमान राजा आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

सानगडीचा किल्लेदार

नवेगावबांधहून साकोलीच्या बाजूला गेलं की सानगडी लागतं. हे आता भंडारा जिल्ह्यात आहे. 1999 साली गोंदिया वेगळा होईपर्यंत सगळा मुलूख एकच होता. बख्त बुलंदाच्या पदरी ताज खान नावाचा एक पठाण होता. राजासोबत शिकारीला गेला असताना त्याने एकट्याने अस्वल मारलं, राजा खूश झाला आणि त्याला डोंगरतालची जहागीर मिळाली, असं सांगतात. पुढे त्याने सानगडी घेतली.

1743 साली रघुजी भोसल्यांनी देवगडचं राज्य ताब्यात घेतलं. त्या वेळी सानगडीवर ताज खानाचा मुलगा मोहम्मद खान होता. राज्य गेलं होतं, राजा नावापुरता उरला होता, तरी त्याने तीन वर्षं किल्ला सोडला नाही. अखेर रघुजींनी त्याच्या निष्ठेची कदर केली. सानगडी सोड, त्याबदल्यात शिवनीचा मुलूख घे, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. मोहम्मद खानाने तो मान्य केला आणि शिवनीचा दिवाण म्हणून त्याचं घराणं पुढे नांदलं.

या प्रसंगाचं वर्णन हिंदू विरुद्ध मुसलमान असं करून पाहा, जमत नाही. पठाण किल्लेदार लढतो आहे एका गोंड गादीसाठी, आणि त्याची कदर करतो आहे एक मराठा सरदार. आपल्या हातातल्या आजच्या फूटपट्ट्या त्या काळाला लावल्या की मापच चुकतं.

डोंगरावरचे दोन दिवे

याच तालुक्यात प्रतापगड आहे. एकाच डोंगरावर महादेवाचं मंदिर आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दरगाह. उस्मान हारूनी म्हणजे अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचे पीर. त्यांची कबर मक्केत असल्याचं चिश्ती परंपरा सांगते. म्हणजे प्रतापगडचं स्थान हे त्यांच्या आठवणीचं स्थान आहे. भारतभर अशी शेकडो ठिकाणं आहेत. श्रद्धेला कबरीच्या पुराव्याची गरज पडत नाही.

महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. दूरदूरच्या खेड्यांतून माणसं येतात, आदिवासी येतात, मुसलमानही येतात. महादेवाला आलेला माणूस दरगाहवर माथा टेकून जातो. त्याला यात काही विशेष केल्यासारखं वाटत नाही, आणि या गोष्टीचं मोल नेमकं त्यातच आहे. 'सलोखा' हा शब्द आपण भाषणात वापरतो. इथे तो शब्द न वापरताच पाळला जातो.

जवळच गोठणगाव भागात 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत आहे. गाढवी नदीवरचा इटियाडोह प्रकल्पही याच पट्ट्यात आहे. म्हणजे गोंड, कोहळी, ढीवर, पठाण आणि तिबेटी या सगळ्यांना सामावून घेणारा हा एवढासा मुलूख.

दुसरं एक तळं, दुसरं एक गाव

तुर्कस्तानात कोन्याच्या पश्चिमेला बेशेहिर नावाचं असंच एक शांत गाव आहे, त्या देशातल्या सर्वात मोठ्या गोड्या पाण्याच्या सरोवराच्या काठी. तिथे तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली एश्रेफोग्लू मशीद आहे. तिचं छत लाकडी खांबांवर उभं आहे. मशिदीच्या मधोमध एक खड्डा आहे, त्यात हिवाळ्यात बर्फ साठवत. वितळणाऱ्या बर्फाच्या ओलाव्याने लाकूड सुकून तडकत नसे. 2023 साली युनेस्कोने अशा लाकडी मशिदींना जागतिक वारशात स्थान दिलं. त्या मशिदीला बांधवून घेणाऱ्या अमीराचं नाव आहे, शिलालेख आहे, आता जगाचं लक्षही आहे.

नवेगावची पाळ त्या तोडीची आहे असं मी म्हटलं तर कुणी हसेल. पण दोन्हीकडे विद्या एकच आहे, पाण्याला ओळखून बांधण्याची. फरक एवढाच की त्यांनी आपला ठेवा मोजून, लिहून जगासमोर ठेवला. आपण कोलासूराला नारळ फोडतो आणि सांडव्याकडे पाठ फिरवतो.

पाळ कोणाची?

1860 च्या दशकात इंग्रजांनी मालगुजारांना गावांची मालकी दिली. तलावही त्यांच्याकडे गेले. 1951 साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. आज त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. जुलमी व्यवस्था गेली हे बरंच झालं. पण तिच्यासोबत दरवर्षी गाळ काढायची, पाळ चोपायची आणि पाट साफ करायची गावाची रीतही ढिली पडली. मालक बदलला, राखणदार मात्र कुणी नेमला नाही. अनेक तलावांत गाळ साचला, बेशरमची झुडपं वाढली, काठावर अतिक्रमणं झाली. याचा पहिला फटका बसतो ढीवरांना. मासे, शिंगाडे, कमळकांदा यांवर त्यांची चूल चालते, आणि जमीन त्यांच्या नावावर बहुधा नसतेच.

नवेगावबांध त्या मानाने सुदैवी. 1975 साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वनाधिकारी म्हणून इथे राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहून हे तळं मराठी घरांत पोहोचवलं. जंगल आणि पाखरं वाचण्याचे धडे त्यांनी इथल्याच माधवराव पाटील डोंगरवारांकडून घेतले. तळ्यावरच्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अलींचं नाव आहे. मुंबईच्या एका मुसलमान घरातला हा मुलगा भारताला पाखरांची नावं शिकवतो आणि त्याचं नाव विदर्भाच्या कोपऱ्यातल्या एका कोहळी पाटलाच्या तळ्यावर येतं, हे मला फार योग्य वाटतं.

पण बाकीच्या हजारो मामा तलावांना चितमपल्ली मिळाले नाहीत. त्यांच्या पाळी कुणी बांधल्या, कधी बांधल्या, सांडव्याजवळच्या दगडाला कुणाच्या नावाने शेंदूर लागतो, हे आज गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. ते विचारून लिहून घेण्यासाठी अनुदान लागत नाही. जवळच्या शाळा-कॉलेजातल्या पोरांनी आपापल्या गावच्या तलावाची एकेक वही भरली, तरी वैनगंगा खोऱ्याचा न लिहिलेला इतिहास उभा राहील. त्यात गोंड असेल, कोहळी असेल, ढीवर असेल, पठाणही असेल. म्हातारी माणसं आहेत तोवरच हे काम होण्यासारखं आहे.