तळटीप : एलिझाबेथ कॉटन

१. एलिझाबेथ कॉटन (१८९३–१९८७) : मूळ लेखात हिचा उल्लेख ओझरता आहे, पण तेवढ्यावर भागवणे अन्यायाचे होईल. जन्म अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या कॅरबरोचा. घराजवळूनच रेल्वेचे रूळ जायचे. ‘फ्रेट ट्रेन’ हे तिचे सर्वांत गाजलेले गाणे याच मालगाड्यांचे. ते तिने रचले तेव्हा ती जेमतेम अकरा-बारा वर्षांची होती. लोकांच्या घरी कामे करून साठवलेल्या पैशांतून तिने पहिली गिटार घेतली. ती डावखुरी होती, शिकवायला कोणी नव्हते. उजव्या हाताच्या वादकासाठी लावलेली गिटार तिने तारा न बदलता सरळ उलटी धरली. त्यामुळे खर्जाच्या तारा खाली आल्या. त्या ती बोटांनी छेडी आणि गाण्याची चाल अंगठ्याने वाजवी. ऐकणाऱ्याला दोन वादक असल्याचा भास व्हावा, असे ते वादन.

पुढे लग्न, संसार आणि चर्चमधल्या मंडळींचा ऐहिक संगीताला विरोध, यांत गिटार कित्येक वर्षे सुटली. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात काम करताना चुकलेली एक लहान मुलगी तिने आईकडे पोचवली. ती लोकसंगीतात रमलेल्या सीगर कुटुंबातली पेगी. त्याच घरी कॉटन कामाला लागली आणि भिंतीवरची गिटार तिच्या हाती परत आली. माइक सीगरने केलेली तिची ध्वनिमुद्रणे १९५८ मध्ये फोकवेज कंपनीने काढली. तेव्हा तिने साठी ओलांडली होती. १९८५ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले.